नळाला पाणी नाही, तर जाब कुणाला विचारायचा?

गावातला नळ चार दिवस कोरडा आहे. सरपंचाला विचारलं तर तो म्हणतो, योजना जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाची, अजून आमच्याकडे हस्तांतरितच झालेली नाही. विभागाचा अभियंता म्हणतो, आमचं काम पूर्ण आहे, पंपाची वीज तोडलीय. महावितरण म्हणतं, बिल थकलंय. बिल भरायचं ग्रामपंचायतीने, आणि ग्रामपंचायत म्हणते की पाणीपट्टीच वसूल होत नाही. पट्टी थकवणाऱ्या गावकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, पाणीच येत नाही, मग पट्टी कशाची?

यातला प्रत्येकजण आपापल्या जागी खरं बोलतोय. खोटं कुणीच नाही आणि पाणीही नाही. सार्वजनिक सेवांबद्दलच्या बहुतेक तक्रारी अशा गोल फिरतात. शाळेत शिक्षक कमी, आरोग्य केंद्रात औषध नाही, रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला, काहीही घ्या. काम एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याच्या हातात, कर्मचारी तिसऱ्याच्या हुकुमात आणि लोकांचा राग मात्र जो रोज समोर दिसतो त्याच्यावर.

सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणजे सरकारी कार्यालयं गावाजवळ आणणं, अशी एक समजूत आहे. कार्यालय जवळ आलं तर एसटीचं भाडं वाचतं, हे खरंच. पण तिथल्या माणसाला सगळं वर विचारूनच करावं लागत असेल तर तो फक्त जवळचा निरोप्या. खरं विकेंद्रीकरण तेव्हा होतं, जेव्हा एखाद्या कामाचा निर्णय, त्या कामाचा पैसा आणि त्याबद्दल जाब विचारायची जागा एकत्र येतात. लोकसहभागाचंही तसंच. ठरवण्यासारखं काही हातात नसेल तर लोकांना सभेला बोलावणं म्हणजे नुसती हजेरी घेणं आहे. महाराष्ट्रात हे गणित कुठे जमलं, कुठे अडलं आणि का, ते पाहू.

घटनेने काय बंधनकारक केलं आणि काय राज्यांवर सोडलं

ग्रामपंचायती संघटित करून त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करण्यासाठी अधिकार द्यावेत, हे घटनेच्या ४०व्या कलमात सुरुवातीपासून आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने गाव, तालुका आणि जिल्हा अशी तीन पायऱ्यांची रचना सुचवली आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौरला पंचायत राजची सुरुवात झाली. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आपल्याकडची रचना वेगळी ठरली ती जिल्हा परिषदेला दिलेल्या वजनामुळे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा अशी मोठी कामं तिच्याकडे आली. राज्यातल्या कित्येक नेत्यांनी राजकारणाचे पहिले धडे तिथेच गिरवले.

देशभरात मात्र या संस्था राज्य सरकारांच्या मर्जीवर चालत. निवडणुका वर्षानुवर्षं लांबायच्या आणि नकोशी पंचायत बरखास्त व्हायची. त्यावर उपाय म्हणून ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती आली. गावांसाठीची २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, शहरांसाठीची त्याच वर्षी १ जूनला.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या दुरुस्त्यांनी काही गोष्टी बंधनकारक केल्या. दर पाच वर्षांनी निवडणूक, बरखास्ती झाली तर सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग. पण निवडून आलेल्यांना कोणते अधिकार द्यायचे, हे राज्यांच्या विधानमंडळांवर सोडलं. अकराव्या परिशिष्टात ग्रामीण संस्थांसाठी २९ विषयांची यादी आहे, बाराव्यात शहरांसाठी १८ विषयांची. यातले किती विषय खरोखर खाली द्यायचे, ते मुंबईत किंवा त्या त्या राज्याच्या राजधानीत ठरतं. म्हणजे खुर्ची घटनेने दिली, पण तिच्यावर बसून काय करता येईल ते आमदारांनी ठरवायचं. आणि आमदाराने आपला अधिकार सरपंचाला किंवा नगरसेवकाला का द्यावा? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. गेल्या तीस वर्षांचा बराचसा इतिहास इथेच अडला आहे.

केरळने १९९६ मध्ये या कोंडीतून वेगळी वाट काढली. लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चापैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांना द्यायची, हे आधी जाहीर केलं. मग प्रभागवार ग्रामसभा झाल्या, विकास परिसंवाद भरले, निवृत्त अभियंते आणि शिक्षक आराखडे तपासायला बसले. चुका झाल्या, राजकीय ओढाताणही झाली. पण क्रम महत्त्वाचा होता. आधी पैसा आला, मग तो सांभाळण्याची पात्रता त्याच्या अनुभवातून आली. बाकी बहुतेक ठिकाणी उलट सांगितलं जातं, की पंचायती आधी सक्षम होऊ देत, मग अधिकार देऊ. पोहायला आलं की मग विहिरीत उतर, असं सांगण्यासारखंच ते आहे.

काम, माणूस आणि पैसा

अधिकार खाली आला की नाही हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. काम कुणाकडे दिलं? ते करणारा माणूस कुणाला उत्तर देतो? आणि पैसा कुणाच्या सहीने निघतो?

एखाद्या गावात कोणकोण काम करतं ते बघा. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) गटविकास अधिकाऱ्याला बांधील. तलाठी तहसीलदाराला. कृषी सहायक तालुका कृषी अधिकाऱ्याला, वायरमन महावितरणला, शिक्षक केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला, आरोग्यसेविका वैद्यकीय अधिकाऱ्याला, अंगणवाडी सेविका पर्यवेक्षिकेला. प्रत्येकाचा अहवाल सरळ वर जातो. गावाला आडवं उत्तर देणारा यांच्यात कुणीच नाही. ही माणसं वाईट आहेत असं नव्हे. कित्येकजण जीव ओतून काम करतात. पण त्यांची बदली, रजा, गोपनीय अहवाल यांतलं काहीच गावाच्या हातात नसतं. मग ग्रामसभेला शिक्षक किंवा कृषी सहायक आलाच नाही तर ठरावात नोंद करण्यापलीकडे गाव काय करणार?

जिल्ह्याच्या पातळीवरही हेच. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडून आलेला, पण मुख्य कार्यकारी अधिकारी राज्याने नेमलेला. जिल्ह्याचा विकास आराखडा करायला घटनेच्या कलम २४३ झेडडीनुसार जिल्हा नियोजन समिती असते आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांमधून निवडून यावेत अशी तरतूद आहे. आपल्याकडे तिचे अध्यक्ष पालकमंत्री. लोक ज्याला ‘डीपीडीसीचा निधी’ म्हणतात त्या समितीच्या पैशाचं वाटप कुणाच्या शब्दावर हलतं, हे गावातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, तो न अडखळता सांगेल.

आता पैसा. केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना ठरला. रक्कम मोठी होती, पण तिच्यातली ६० टक्के ‘बंधित’ होती, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायची. निम्मी बंधित रक्कम पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण्याच्या कामांना, निम्मी स्वच्छतेला. ज्या गावात पाणी भरपूर होतं पण स्मशानभूमीपर्यंत रस्ता नव्हता, त्या गावाला उरलेल्या ४० टक्क्यांतच काय ते बसवावं लागलं. बंधन घालण्यामागचा हेतू समजतो. मोकळा पैसा दिला की पेव्हर ब्लॉक आणि कमानी उभ्या राहतात, पाणी मागे पडतं, ही तक्रार खोटी नाही. पण गावाने चुकीची निवड केली तर ती चूक गावातच, ग्रामसभेत दिसली पाहिजे आणि पुढच्या वर्षी सुधारली पाहिजे. वरून कप्पे पाडून दिले की चूक करण्याचीही सोय उरत नाही आणि शिकण्याचीही.

स्वतःच्या कमाईची स्थिती फार नाजूक आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तस्थितीवर अहवाल काढला. त्यानुसार देशभरातल्या पंचायतींच्या महसुलापैकी करांचा वाटा जेमतेम १ टक्का. सुमारे ८० टक्के पैसा केंद्राच्या आणि १५ टक्के राज्यांच्या अनुदानांतून येतो. ग्रामपंचायतीचे हक्काचे कर म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती वसूल करायची भावकीतल्या माणसांकडून, पुढच्या निवडणुकीत ज्यांची मतं लागणार त्यांच्याकडून. त्यामुळे दर वाढवायला कुणी धजत नाही आणि थकबाकी फुगत जाते. माझं मत असं, की ही वसुली नुसती हिशेबाची बाब नाही. ज्याच्या खिशातून पट्टी जाते तो पावती हातात घेऊन प्रश्न विचारतो. वरून आलेल्या निधीबद्दल तसा हक्काने विचारणारा क्वचित भेटतो, कारण तो आपलाच कराचा पैसा फिरून आलाय हे जाणवतच नाही. अर्थात जिराईत, गरीब गावाला स्वतःच्या पट्टीवर जगायला सांगणं हा अन्याय होईल. अनुदान लागणारच. पण गावाने घातलेला छोटासा वाटाही विचारण्याचा सूर बदलतो.

आणि हे सगळं गृहीत धरतं की निवडून आलेली माणसं खुर्चीवर आहेत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला. राज्यातल्या इतर अनेक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचंही तेच झालं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका अडकल्या, त्या घ्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी द्यावा लागला. तोवर तीन वर्षं उलटली होती. वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या संस्थांनाच मिळावं अशी अट आहे, म्हणजे निवडणूक लांबली की पैशालाही खीळ. प्रशासक कामसू असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण त्याला मतदाराची भीती नसते, आणि लोकशाहीत ती भीती असणं गरजेचं आहे.

ग्रामसभा: कायद्यात मोठी, मैदानात लहान

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतले सगळे. ती निवडून द्यावी लागत नाही, ती बरखास्त करता येत नाही आणि तिच्या सदस्याला कुणी काढू शकत नाही. आमदार-खासदार आपल्या वतीने बोलतात, पण ग्रामसभेत आपण स्वतः बोलतो. देशाच्या कारभारात अशी दुसरी जागा नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सात दिवस आधी नोटीस हवी. त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा हिशेब, कामांचा अहवाल आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप ठेवायचे. सबळ कारणाशिवाय सरपंचाने सभाच घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं.

मग प्रत्यक्षात काय होतं? गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. वीस-पंचवीस माणसांत ठराव उरकतात आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. लोक येत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण बाईमाणसाचा रोज बुडतो. आधीच ठरलेलं वाचून दाखवणार हे माहीत असतं. खर्चाचा कागद सभेआधी कुणालाच दिसत नाही, मग आयत्या वेळी तोंडी आकडे ऐकून कोण काय विचारणार? गट ग्रामपंचायतीत वाडीवरून मुख्य गावापर्यंत चालत यावं लागतं. आणि ज्याच्या शेतावर मजुरीला जायचं तोच समोर बसलेला असताना त्याच्याविरुद्ध हात वर करणं ही साधी गोष्ट नसते.

हे शेवटचं कारण सगळ्यात गंभीर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला आदर्श मानून त्यालाच राज्यव्यवस्थेचा पाया करण्याला कडक विरोध केला होता. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं घर, असं त्यांनी गावाचं वर्णन केलं. विकेंद्रीकरणाची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकून घेतलं पाहिजे. सत्ता खाली आली म्हणजे आपोआप दुबळ्याच्या हातात आली असं होत नाही. ती वाड्यावरच्या हातातही जाऊ शकते. म्हणून राखीव जागा हव्यात, बाहेरून लेखापरीक्षण हवं, कोर्टाचा दरवाजा उघडा हवा. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत महिलांचा वाटा ५० टक्क्यांवर नेला. बायकोच्या नावावर कारभार करणारे ‘सरपंचपती’ अजून दिसतात. पण दुसऱ्यांदा निवडून आलेली बाई स्वतःची फाईल स्वतः वाचते, तेव्हा या तरतुदीचं मोल कळतं.

माझ्या मते गावाच्या मताचं सर्वांत चांगलं उदाहरण दारूबंदीचं आहे. गावातलं परवाना असलेलं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची. मग गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. अट अवघड आहे, कारण न आलेली प्रत्येक बाई विरोधात धरली जाते. तरीही राज्यात अनेक गावांत ती पूर्ण झाली. एरवी सभेकडे न फिरकणाऱ्या बायका इथे रांगा लावतात, कारण प्रश्न स्पष्ट आहे, मत गुप्त आहे आणि निकाल लागला की तो अमलात येतो. या तिन्ही गोष्टी असल्या की सहभागासाठी जनजागृतीची भाषणं लागत नाहीत.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) आणखी पुढे गेलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायची रीत पडली. सहमती होईपर्यंत चर्चा पुढे ढकलायची. सभेच्या आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, जंगलातलं काय आणि किती आहे ते मोजायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. हक्क कागदावर, किल्ली दुसऱ्याकडे. त्यासाठी गाव भांडलं आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूचा पैसा गावात आला, आणि तो कसा खर्चायचा यावर सभाही भरभरून होऊ लागली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण पोपटराव पवारांच्या कौतुकात एक साधी पद्धत झाकली जाते. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, शेतीला किती उरेल, मग कोणती पिकं घ्यायची. आकडा फळ्यावर सगळ्यांसमोर असल्यावर वाद आकड्याशी घालावा लागतो, शेजाऱ्याशी नव्हे.

सेवा सुधारायच्या तर

दोन प्रकारच्या तक्रारी असतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. जन्माचा दाखला, विवाह नोंदणी, नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा या एकेकट्याच्या गरजा. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. अर्ज ‘आपले सरकार’वर करता येतो. या कायद्याचा उपयोग होतो आणि तो अजून पुष्कळांना माहीत नाही.

पण आरोग्य केंद्रात डॉक्टर रात्री थांबत नाही, याचा दाखला मागता येत नाही. ही गैरसोय अख्ख्या पंचक्रोशीची. एकट्याने तक्रार केली तर तो एकटा पडतो, आणि उद्या त्यालाच त्या डॉक्टरकडे जायचं असतं. इथे सामूहिक वाट लागते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावातल्या समितीने आपल्या उपकेंद्राचं आणि आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल रंग द्यायचा. अक्षरओळख कमी असलेल्यांनाही एका नजरेत कळतं. मग जनसुनवाईत अधिकारी आणि गावकरी समोरासमोर बसतात. बाहेरून औषध आणायला लावणं, बेकायदा पैसे घेणं, लसीकरणाला न येणं, असे प्रश्न उघडपणे मांडले गेले. यात एक अनपेक्षित गोष्टही दिसते. लोक आपल्याविरुद्ध आलेत असं वाटणारा डॉक्टर सुनवाईत सांगतो की औषधांचा साठाच येत नाही, पद रिकामं आहे. मग तक्रार एकत्रितपणे वर जाते आणि तिला जोर येतो.

जनसुनवाईची ही रीत राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये सुरू केली. दुष्काळी कामांची हजेरीपटं चौकात मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मेलेल्यांच्या नावावर मजुरी निघाल्याचं लोकांनीच सांगितलं. त्या चळवळीतून पुढे माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोचली आणि २००५ चा कायदा झाला. शाळेतही अशीच जागा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार तिचा आहे. फक्त सहीपुरती बोलावली जाणारी समिती आणि पटावरची मुलं मोजून शिक्षकाची मागणी करणारी समिती, दोन्ही एकाच कायद्याखाली चालतात.

शहरवाल्यांचं काय?

शहरातल्या माणसाला ग्रामसभाच नाही. लहान गावात सात सदस्यांची ग्रामपंचायत असते, म्हणजे दीड हजार वस्तीत साधारण दोनशे माणसांमागे एक सदस्य. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि नगरसेवक २२७, म्हणजे एका नगरसेवकामागे जवळजवळ ५५ हजार माणसं. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात असं घटना सांगते, पण त्या मुख्यतः नगरसेवकांच्या बैठका असतात. महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आहे, काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा. तुमच्या भागात ती कधी भरल्याचं आठवतंय का? महापौर निवडून आलेला असतो, पण कार्यकारी अधिकार राज्याने नेमलेल्या आयुक्ताकडे. खड्ड्याबद्दल कुणाला धारेवर धरायचं, इथेच गोंधळ सुरू होतो.

पुण्याने २००६ पासून एक छोटी खिडकी उघडली. नागरिकांनी आपल्या भागातली लहान कामं, म्हणजे पदपथ, बसथांबा, दिवे, क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची. सुरुवात चांगली आहे. पण सुचवणं आणि ठरवणं यात फरक राहतोच. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू झालं, तेव्हा वस्त्यांच्या सभांनी प्रतिनिधी निवडले, आणि पैसा वाटताना जिथे सोयी कमी आणि लोक जास्त तिथे जास्त गुण असा नियम ठेवला. त्यामुळे चांगल्या इंग्रजीत ईमेल लिहिणाऱ्या वस्तीपेक्षा नाला उघडा असलेल्या वस्तीला आधी पैसा मिळाला. आपल्याकडे अशा गुणांचा नियम नसेल तर सुचवण्या बोलक्या सोसायट्यांकडूनच जास्त येणार.

पुढच्या ग्रामसभेला जाताना

ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २०२० पासून सर्वांसाठी खुलं आहे. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आपल्या गावाचा मंजूर आराखडा आणि खर्च दिसतो. सभेच्या दोन दिवस आधी तो मोबाईलवर पाहा आणि दोन-चार शेजाऱ्यांना दाखवा. एकट्याने पन्नास प्रश्न विचारण्यापेक्षा पाचजणांनी एकच काम धरून विचारलेलं बरं. अंदाजपत्रक किती, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) काय नोंदलंय, बिल कुणाला गेलं? कागद मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिला सभा खरंच झाली का आणि तिचा ठराव मुख्य सभेपुढे आला का, हेही विचारा. पाण्यासारखा विषय असेल तर थकबाकी, वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च एकाच कागदावर मांडायला सांगा, मग कोण कुणाकडे बोट दाखवतोय ते दिसतं.

ठराव झाला की तो प्रोसिडिंगमध्ये (इतिवृत्ताच्या वहीत) तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचायला सांगा, नंतर कोरी जागा भरायची सोय ठेवू नका. त्याची नक्कल मागा. आणि विषयपत्रिकेतला पहिला विषय सोडू नका. तो बहुधा ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा असतो आणि ‘वाचलं, कायम’ म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतो. मागच्या सभेतल्या प्रत्येक ठरावाचं पुढे काय झालं, हे विचारायची रीतसर वेळ तीच आहे.